फुलदाणी बादलीपासून सुरू होते

परसबाग : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

शिवरात्र झाली की थंडी शिव शिव करत निघून जाते असं आपल्याकडे म्हणतात, अन् ती खरंच जाते. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण विदर्भातल्या वाडीत फुलांचा वसंत माघ-फाल्गुनातच येऊन जातो, गुढी उभारायच्या सुमारास ऊन ४० अंशाला टेकलेलं असतं आणि डेलिया भर दुपारी माना टाकून बसते. म्हणजे हाती राहतात जेमतेम सहा-सात आठवडे. या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय की घरच्या फुलांचा फ्लॉवरपॉट करायचा कसा अन् तो टिकत का नाही, म्हणून या महिन्यात खत, मावा, बुरशी सगळं बाजूला ठेवलंय आणि पूर्ण जागा फुलदाणीला दिली आहे.

प्रश्न : ताई, मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, लग्नाला दोन वर्षं झाली. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत ऑक्टोबरमध्ये रोपं लावली होती, गलांडा, कॉसमॉस, डेलिया, होलीहॉक, दोन गावरान गुलाब अन् थोडी शेवंती. आता सगळं फुलून राहिलं, पाहून लय बरं वाटते. पण सकाळचा सैपाक, डबे, भांडे आटपून फुलं तोडायले जाते तर अकरा वाजून जाते, बैठकीत नेऊन ठेवते अन् संध्याकाळी पाहुणे येईपर्यंत सगळ्यांनी माना टाकलेल्या. मोबाईलवर पाहून अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकली, स्प्राईट टाकून पाहिलं, काहीच फरक नाही. माझं काय चुकून राहिलं?

उत्तर : ताई, तुमचं फक्त घड्याळ चुकतंय, बाकी तुम्ही लावलेली रोपं वाचूनच कळतं की हात चांगला आहे. अकरा वाजेपर्यंत आपल्याकडच्या उन्हात झाडानं पानांतून बरंच पाणी सोडलेलं असतं, देठ आतून कोरडा पडायला लागलेला असतो, अशा वेळी कापलं की त्या कापातून देठ पाण्याऐवजी आधी हवा ओढतो. विहिरीवरची मोटर एअर पकडते तेव्हा काय होतं ते तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असेल, मोटर चालू असते पण पाणी काही वर येत नाही. फुलाचं अगदी तसंच होतं, बुडाला पाणी भरपूर असतं अन् वरचं फूल तहानेनं मरतं. त्यावर गोळी टाका नाहीतर स्प्राईट टाका, मधे हवा अडकली असेल तर ते वर चढणारच नाही.

म्हणून अकराला तोडू नका, अकराला रचा. तोडायचं सकाळी, सडा-रांगोळीच्या वेळेला, दहा मिनिटांचं काम आहे. आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी द्या म्हणजे पहाटे झाड भरलेलं असतं. आणि हे मी प्रत्येकीला सांगत असते की टोपलं घेऊन जाऊ नका, बादली घेऊन जा, अर्धी पाण्यानं भरलेली, अन् ती झाडापाशी ठेवा. कापलं की देठ थेट बादलीत, मधे हातात जुडी धरून सगळ्या वाडीत फिरायचं नाही. संत्र्याच्या छाटणीचं सिकेटर घरात असेलच, ते धारेचं आणि धुतलेलं घ्या, बोथट कात्रीनं देठ चेपतो अन् पाण्याची वाट तिथेच बंद होते. काप तिरका घ्या, सरळ कापलेला देठ भांड्याच्या बुडाला चिकटून बसतो. पाण्यात बुडेल तेवढ्या भागाची पानं तिथंच काढून टाका, ती आधी सडतात, पाण्याला वास त्यांचाच येतो.

मग ती बादली न्हाणीघरात किंवा माठाच्या कोपऱ्यात, जिथं अंधार आणि गारवा आहे तिथं ठेवून द्या अन् तुम्ही तुमच्या सैपाकाला लागा. दोन-तीन तास ती फुलं तिथं गपचूप पाणी पितात. तुमचे डबे-भांडे होईपर्यंत फुलं पण तयार झालेली असतात, म्हणजे तुमचं काम वाढत नाही, फक्त पुढंमागं होतं. या दोन-तीन तासांनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच पुडीनं पडत नाही हे मी आमच्या वाडीत वर्षानुवर्षं पाहत आलेय.

आता कोणतं फूल कधी कापायचं. गुलाब पूर्ण उमललेला नको, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल झाल्या की घ्या. डेलिया आणि शेवंती मात्र जवळजवळ पूर्ण उमलू द्या, डेलियाची कळी फुलदाणीत उमलत नाही, तशीच काळी पडते. कॉसमॉस पाकळ्या नुकत्या उलगडताना. गलांडा उमललेलाच घ्या, तो खूप सोशिक आहे. होलीहॉकच्या दांडीवर खालची तीन-चार फुलं उघडली की दांडी कापा. डेलिया अन् होलीहॉकचा देठ कापल्याबरोबर टोकाचं बोटभर अर्धा मिनिट गरम पाण्यात धरून मग बादलीत टाका, फूल वाफेपासून लांब धरा, यानं अडकलेली हवा निघते.

स्प्राईटचं म्हणाल तर ते अगदीच खोटं नाही, त्यात साखर असते अन् आंबटपणा असतो, दोन्ही फुलाला उपयोगाचे. साखर म्हणजे त्याचं जेवण आणि थोडं आंबट पाणी देठातून लवकर चढतं. पण तेच जेवण पाण्यातल्या जंतूंना पण आवडतं, दुसऱ्या दिवशी देठाला बुळबुळीत थर येतो. घरी करायचं तर लिटरभर पाण्याला एक छोटा चमचा साखर अन् दोन छोटे चमचे लिंबाचा रस, पण मग पाणी रोज बदलायचंच, बदलताना देठ बोटभर पुन्हा कापायचा आणि भांडं आतून घासायचं. रोज बदलणं जमणार नसेल तर साखर टाकूच नका, साधं स्वच्छ पाणी बरं. तांब्या-पितळेचं भांडं असेल तर लिंबू अजिबात नको, ते धातूला खातं.

आणि एक, तुम्ही मोर्शीकडच्या म्हणून सांगते. फुलदाणीला हिरवं लागतंच, त्यासाठी विकतचं काही नको. संत्र्याच्या झाडाचे पाणसोट, म्हणजे फळ न धरणारी सरळ वाढलेली फूट, तुमच्या घरचे काढून फेकतच असतील, ते घ्या. पान चकचकीत, हात लावला तरी वास येतो अन् पाण्यात आठवडाभर तरी सहज टिकतं, फक्त काटे काढून घ्या. आंबिया बहराची, म्हणजे या दिवसांत संत्र्याला आलेल्या फुलांची फांदी मात्र घेऊ नका, वास कितीही वेड लावणारा असला तरी त्या फांदीवर घराचं पोट आहे अन् पाकळ्या तशाही दुसऱ्या दिवशी टेबलावर पडतात. आधी हिरवं लावा म्हणजे बाकीच्या देठांना आधार मिळतो, मग होलीहॉकची दांडी मागं, भांड्याच्या दीडपट उंच, डेलिया जड असते म्हणून ती खाली तोंडाजवळ, एक किंवा तीन, आणि कॉसमॉस सगळ्यात शेवटी, त्याला दाबू नका, वाऱ्यानं हलतो तसाच वर हलू द्या. घरच्या फुलांचे देठ वाकडे असतात, कोणी आखूड कोणी लांब, ते सरळ करायच्या मागे लागू नका, ज्या बाजूला देठ झुकतो त्याच बाजूला त्याला जागा द्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, नेर तालुका, यवतमाळ जिल्हा. मार्चमध्ये आठवीच्या पोरांचा निरोप समारंभ आहे. शाळेच्या बागेत झेंडू, झिनिया, गलांडा भरपूर आहे, पोरांनीच वाढवलाय. दरवर्षी बुके विकत आणतो, या वेळी पोरं म्हणतात सर आपलीच फुलं ठेवू. पण शाळेत एकही फुलदाणी नाही अन् आणायला पैसे नाहीत.

उत्तर : सर, पोरांचं ऐका, अगदी बरोबर म्हणतात ती. फुलदाणी म्हणजे पाणी धरणारं अन् न कलंडणारं कुठलंही भांडं. पोरांना सांगा घरून एकेक गडवा आणा, प्रत्येकाच्या घरी असतोच, पितळेचा असो की स्टीलचा. गडव्याचं पोट मोठं अन् गळा आवळलेला असतो त्यामुळे फुलं आपोआप छान उभी राहतात, मला तर तो काचेच्या महागड्या फुलदाणीपेक्षा सरस वाटतो. लोणच्याची चिनी मातीची बरणी पण उत्तम, जड असते म्हणून पंख्याखाली पडत नाही. प्लास्टिकची बाटली कापून वापरायची तर बुडाशी मूठभर धुतलेली रेती टाका.

तोंड रुंद असेल अन् फुलं कडेला पडत असतील तर दोन उपाय. एक, भांड्याच्या तोंडावर सेलोटेप आडवा-उभा चिकटवून चौकोन करा, खाटेच्या नवारीसारखे, एकेका चौकोनात एक-दोन देठ. दुसरा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी हातभर घेऊन सैल गोळा करा अन् भांड्यात बसवा, ती वर्षानुवर्षं वापरता येते. बुकेवाले तो हिरवा फोम वापरतात ना, तो आणू नका, एकदा वापरला की फेकायचा अन् त्याचा प्लास्टिकचा चुरा मातीत तसाच राहतो, शाळेच्या बागेत तर तो नकोच.

झिनिया कापायच्या आधी पोरांना एक गंमत शिकवा. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलवायचा, मान लटपटली तर फूल अजून कच्चं आहे, ताठ राहिली तर कापा. कच्चा झिनिया पाण्यात कितीही ठेवा, संध्याकाळी मान टाकतोच. झेंडूचं पाणी फार लवकर वास मारतं, त्याची खालची सगळी पानं काढायला सांगा अन् पोरांना क्लोरीनचे थेंब माहीत असतील, पिण्याच्या पाण्यात टाकायला आशाताई देतात ते, भांडंभर पाण्यात दोन-तीन थेंब टाकले की वास धरत नाही. फक्त त्यात लिंबू टाकू नका.

टेबलावरची फुलदाणी बसलेल्या पाहुण्यांच्या हनुवटीच्या वर जायला नको, नाहीतर पोरांना भाषण करणाऱ्याचं तोंडच दिसत नाही. बाकी कुठला गडवा कसा सजवायचा ते त्यांच्यावर सोडा, तुम्ही दुरुस्त करू नका. ज्या पोरानं ऑक्टोबरात रोप लावलं त्यानंच ते फूल स्टेजवर नेऊन ठेवलं, याच्यापेक्षा चांगला निरोप मला तरी सुचत नाही.

प्रश्न : आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी इतकं खारं की भांड्यावर पांढरा थर बसते. फुलं सकाळी तोडतो, पानं काढतो, सगळं करतो तरी दोन दिवसांत पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या होते. पाणी उकळून वापरलं तर चालेल काय?

उत्तर : नाही भाऊ, उकळल्यानं खार जात नाही, उलट पाणी आटतं अन् खार तेवढाच राहतो म्हणून आणखी घट्ट होतो. माठात ठेवल्यानं पाणी गार होतं, गोडं होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांच्या कितीतरी गावांना हा त्रास आहे, जमिनीखालचं पाणीच खारं आहे. खाऱ्या पाण्यातून देठाला पाणी ओढून घ्यायला जड जातं, अन् जो खार वर चढतो तो पाकळीच्या कडेला जाऊन साठतो, तीच तुमची जळलेली कड.

तुमच्याकडे प्यायला जे गोडं पाणी येतं, नळाचं, जारचं, फिल्टरचं, तेच एक ग्लासभर फुलांना द्या. मला माहितीय की प्यायचं पाणी फुलांना द्यायचं म्हणजे जिवावर येतं, आपल्या इकडे उन्हाळ्यात घागरीघागरीचा हिशेब असतो, म्हणून भांडंच लहान घ्या. अरुंद गळ्याची औषधाची बाटली, चहाचा काचेचा ग्लास, त्यात तीनच फुलं, पाणी पावभर सुद्धा लागत नाही अन् बदललेलं पाणी तुळशीला घाला, वाया काहीच जात नाही. बादलीत मुरवत ठेवायचं पाणी पण गोडंच हवं, तिथं बादलीऐवजी लहान डबा घ्या. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र कधीच नको, उडून उडून त्यातला खार बोअरच्या पाण्याहूनही घट्ट झालेला असतो.

आणि खाऱ्या जमिनीशी भांडू नका. गुलाबाला खार सोसवत नाही, त्याच्यामागे पैसे घालवण्यापेक्षा गलांडा लावा, बोगनवेल लावा. गलांड्याची मूळ जात तिकडे अमेरिकेत समुद्राकाठच्या रेतीत सुद्धा उगवते, तिला तुमच्या बोअरचं काही वाटत नाही. एका बाटलीत गलांड्याची पाच फुलं अन् बोगनवेलीचा एक तुरा, बोगनवेलीची पानं मात्र सगळी काढून टाका, मग तो तुरा ताठ राहतो.

प्रश्न : माझी सासू म्हणते फूल देवासाठी असते, काचेच्या ग्लासात ठेवून पाहायसाठी तोडणं बरं नाही. मी तोडलं की त्या दिवसभर बोलत नाहीत. मला वाईट वाटते पण हौस पण सुटत नाही. (एक सून, आर्वी तालुका)

उत्तर : बेटा, हा प्रश्न मी दोनदा वाचला. सासूबाईंचं म्हणणं मला परकं नाही, माझी आजी पण हेच म्हणायची, ती तर संध्याकाळनंतर झाडाला हातच लावू द्यायची नाही, म्हणायची झाड झोपलं. या बायकांनी झाडाकडं जीव म्हणून पाहिलं, त्या बोलण्यामागे माया आहे, तिला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नकोस.

आता असं बघ, देवाची फुलं अन् फुलदाणीची फुलं तशीही वेगळी आहेत. जास्वंद, मोगरा, तगर, पारिजात ही देवाची, त्यांना देठच नसतो, जास्वंद एका दिवसाचं फूल आहे, पाण्यात ठेव की बाहेर ठेव संध्याकाळी मिटणारच. ती सगळी सासूबाईंची, त्यातलं एकही तू घेऊ नकोस. फुलदाणीला लांब देठाची लागतात, झिनिया, कॉसमॉस, गलांडा, ही बाहेरून आलेली फुलं, यांना आपल्या पूजेत फारसं कोणी धरत नाही. वाडीत तुझी एक वेगळी ओळ लाव अन् त्यांना सांग आई ही ओळ माझी.

झाडाचं दुःख म्हणशील तर ते पण त्यांना दाखव, बोलून नको, करून. कॉसमॉस, झिनिया, गलांडा यांची फुलं खुडली नाहीत तर झाड बी धरतं अन् त्याला वाटतं आपलं काम झालं, मग ते पिवळं पडतं. जितकं खुडाल तितकं ते नव्यानं फुटतं. दोन रोपं शेजारी ठेव, एकाची फुलं काढत जा, दुसऱ्याची तशीच राहू दे, महिन्याभरात त्यांचं त्यांनाच दिसेल. सगळी मात्र कधीच तोडू नकोस, प्रत्येक झाडावर निम्मी तरी मधमाशांसाठी राहू दे, हे त्यांना नक्की आवडेल.

आणि पहिली फुलदाणी बैठकीत ठेवायच्या ऐवजी देवघराच्या बाजूला ठेवून बघ, गडव्यात, पितळेच्या. रोज सकाळी त्या पूजेला बसतील तेव्हा ती त्यांच्या डोळ्यांपुढं असेल. बाकी त्यांचं त्या ठरवतील.

प्रश्न : होळीले पळस लय फुलते आमच्याकडे. फांदी आणून मोठ्या मडक्यात लावली तर किती दिवस राहील? (गोंदिया जिल्ह्यातला एक वाचक)

उत्तर : फार तर दीड-दोन दिवस, भाऊ, अन् पहिल्या संध्याकाळपासूनच खाली सडा पडायला लागेल. पळसाचं फूल फांदीवर सुद्धा अलगदच बसलेलं असतं. त्यात जंगलातली फांदी तोडणं बरोबर नाही, त्या फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर सगळे येत असतात, त्या दिवसांत झाडाला पान नसतं अन् फुलं हीच त्या पाखरांची पंगत असते. त्यापेक्षा सकाळी झाडाखाली जा, रात्री पडलेली ताजी फुलं ओंजळभर उचला, अन् परातीत किंवा घंगाळात पाणी घालून त्यावर सोडा. केशरी रंग पाण्यावर इतका उठून दिसतो की फांदीची आठवण येत नाही. दुसऱ्या दिवशी तीच फुलं गरम पाण्यात टाका, होळीचा रंग तयार. स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळस असेल अन् फांदी छाटायचीच असेल तर काळ्या मखमली कळ्यांची घ्या, उमललेल्या फुलांची नको, बुडाला चार बोटं उभी चीर द्या, जाड लाकूड पाणी पिऊ शकत नाही.

प्रश्न : लाल कण्हेर वर्षभर फुलते आमच्या फाटकाजवळ, तिची फुलदाणी चालते का?

उत्तर : मी म्हणेन नको. कण्हेरीचं पान, फूल, देठ सगळं विषारी आहे, ज्या पाण्यात ती ठेवली ते पाणी सुद्धा. माझ्या माहेरी छाटलेली कण्हेर गोठ्याच्या कडेला पडली होती, बकरीनं खाल्ली अन् ती वाचली नाही, मी तेव्हा लहान होते पण अजून विसरले नाही. घरात रांगतं लेकरू असेल, गाय-बकरी असेल तर ती फाटकाजवळच छान दिसते. छाटलेल्या फांद्या पण जनावरांपासून लांब टाका, वाळल्या तरी विष जात नाही, अन् चुलीत तर घालूच नका, तिचा धूर पण वाईट.

प्रश्न : फुलांसोबत मुंग्या घरात येतात.

उत्तर : बादलीत टाकायच्या आधी फूल उलटं धरून झटका, मग पाण्यात एकदा बुचकळून काढा. डेलिया अन् शेवंतीला जास्त असतात. गुलाब बुचकळू नका, फक्त झटका.

प्रश्न : एकाच दिवशी तोडलेली फुलं, एक फुलदाणी बैठकीत अन् एक सैपाकघरात. बैठकीतली तीन दिवसांत गेली, सैपाकघरातल्या ताकाच्या बरणीतली सहा दिवस राहिली. असं काऊन? (हिंगणघाट)

उत्तर : तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की बैठकीत कूलर सुरू केला अन् टेबलावर फळांची टोपली असते, उत्तर तिथंच आहे. कूलरची खोली फुलांना वाईट नाही, गार अन् ओलसर हवा त्यांना मानवते, पण कूलरच्या तोंडासमोरचा झोत नको, त्या झोतात देठ जेवढं पाणी वर चढवतो त्याहून जास्त पाकळीतून उडून जातं. पंख्याच्या खाली, टीव्हीजवळ अन् फ्रिजच्या डोक्यावर पण नको, तिथं गरम असतं.

आणि ती टोपली हलवा. पिकणारं केळं, चिकू, पपई, आंबा यांच्यातून एक वायू निघतो, इथिलीन, केळी पिकवायच्या कोठीत सोडतात तोच. त्यानं फळ पिकतं अन् फूल म्हातारं होतं. वाळायला लागलेलं फूल पण तोच वायू सोडतं म्हणून एक फूल गेलं की ते लगेच काढा, बाकीच्यांना त्याची संगत नको. ताकाची बरणी मात्र मनापासून आवडली, ती जाड मातीची असल्यानं पाणी लवकर तापत नाही अन् उजेड आत जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये वाडीत काहीच उरत नाही, तेव्हा घरात काय ठेवायचं? (काटोल तालुका)

उत्तर : अगदी काहीच नाही असं नाही. मोगरा तेव्हाच भरात असतो, पण त्याला देठ नसतो म्हणून त्याच्या फुलदाणीच्या नादी लागू नका, संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडून वाटीभर पाण्यात सोडा, रात्री घर भरून जातं. बहावा फुलतो, त्याचा झुंबर उंच कपाटावरून खाली लोंबता ठेवला तर एखाद दिवस शोभतो. झिनिया अन् गोंफ्रेना, म्हणजे बटणफूल, फेब्रुवारीत पेरलं असेल तर सांजेला पाणी देऊन मे पर्यंत निघतं.

पण खरी तयारी आत्ताच करायची, वाळवणाची. आपण कुरड्या-पापड वाळवतो तशी फुलं पण वाळवून ठेवता येतात. शेतातली करडई आहे ना, तिचं फूल वाळलं तरी केशरी राहतं, काटे जपून काढा अन् फूल पूर्ण उमलल्यावर कापा. जवसाचं निळं फूल सकाळी उमलून दुपारी गळतं, ते कामाचं नाही, पण त्याची बोंडं फार सुंदर, दाण्यासारखी गोल अन् सोनेरी. गव्हाच्या ओंब्या थोडं हिरवं असतानाच घ्या, पूर्ण पिकलेल्या ओंब्या दाणे सांडतात. बटणफूल तर वर्षभर रंग सोडत नाही. सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, फुलांचे गुच्छ आले असतील तर तेही घ्या, ताजे असताना फुलदाणीत जाळीसारखे दिसतात अन् धने धरल्यावर वाळवता येतात.

लहान लहान जुड्या करून उलट्या टांगा, अंधाऱ्या अन् हवा खेळती असेल अशा खोलीत, उन्हात नाही, उन्हात रंग उडतो. पुण्या-मुंबईकडे याला तीन आठवडे लागत असतील, आपल्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत कुरकुरीत होतात. ओंब्यांना उंदीर लागतात, म्हणून खुंटीला नको, आढ्याला तार बांधून तिला टांगा. अन् जुडी दोऱ्यानं बांधू नका, रबर लावा, वाळताना देठ बारीक होतात, दोरा सैल पडतो अन् सगळी जुडी एका रात्रीत खाली येते.